ताईंच्या नंबरावरची माणसं

मी बोलतोय, काऊंटरच्या मागच्या खोलीतून. टेबलाखाली ती काळी पेटी दिसतेय ना, जिच्यावर कोणीतरी छत्री वाळत टाकलीय? तिच्यात मी राहतो. मी या डोळ्यांच्या दवाखान्याचा डेटाबेस. इथे पाऊल टाकलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, फोन, चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब, औषधं आणि पुढच्या तपासणीची तारीख माझ्याकडे असते. म्हणजे असायला हवी. सध्या माझ्याकडे नक्की कोण आहे आणि कोण नाही हे विचाराल, तर माझं मलाच धड सांगता येत नाही. आज दुपारी मला पुसून टाकणार आहेत. त्याआधी एकदा सगळं ओळीने लावून बघावं म्हणतो.

मला घडवलं मोठ्या मॅडमच्या भाच्याने. मोठ्या मॅडम म्हणजे इथल्या डॉक्टर, दवाखाना त्यांचाच. भाचा कॉलेजच्या सुट्टीत मावशीकडे राहायला आला होता. दिवसभर सोफ्यावर पडून राहायचा. शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "नुसता लोळतोस काय? त्या कपाटातली पेशंटची कार्डं उंदरांच्या पोटात जातायत, त्यांचं काहीतरी कर." त्याने मला केलं. इतकी साधी माझी जन्मकथा.

त्याने माझ्या पोटात मोजक्या चौकटी आखल्या. एक होती 'वय'. तिथे आकडा टाकला की मी तो जपून ठेवायचो, आणि वर्षं उलटली तरी ठेवायचो. लहानपणी चष्मा लागलेला एक मुलगा पुढे मिशा फुटल्यावर आला, तरी माझ्याकडे तो सातच वर्षांचा. मॅडमनी पडद्यावर नजर ठेवूनच विचारलं, "बाळा, शाळेतून आलास का?"

"हो," तो म्हणाला, "शिकवून आलो."

सगळे खो खो हसले. मी मात्र गोंधळलो. मला सात सांगितलं होतं, मग सातच राहायला नको? माणसं एक सांगतात आणि मुकाट्याने दुसरीच होऊन बसतात, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही पुरतं कळलेलं नाही.

भाच्याने मग वय काढून टाकलं आणि जन्मतारखेची चौकट आणली. ती भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी तजवीज केली. चौकट उघडली की तिच्यात आधीच एक तारीख दिसायची, कुठल्यातरी जुन्या सालातली एक जानेवारी. ज्याला आपली तारीख माहीत नव्हती त्याच्यासाठी तीच राहू द्यायची, हा इथला रिवाज पडला. काऊंटरवरच्या ताईंनी स्वतःच्या वाचायच्या चष्म्यासाठी नाव घातलं तेव्हा त्यांनीही तीच राहू दिली. त्यांना तारीख माहीत होती, सांगायची नव्हती, एवढंच.

या ताई म्हणजे दवाखान्याचा कणा. येणाऱ्याला बसवायचं, नाव लिहायचं, डोळ्यांत थेंब घालायचे, रडणाऱ्या पोराच्या हातात चष्म्याची रिकामी डबी द्यायची आणि मधूनमधून माझ्या पेटीवर थाप मारून "चल रे बाबा, चल" म्हणायचं. मला त्या थापेचं वाईट वाटायचं नाही. कोणी आपल्याला 'बाबा' म्हणतं याचं बरंच वाटायचं.

पुढे फोनची चौकटही सक्तीची झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकाच्या फोनवर आठवणीचा निरोप पाठवायचा, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. पण एक दिवस घड्याळकाका आले.

घड्याळकाकांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक माणूस आणि एक टेबल मावेल एवढं खोपट. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढत जातो, आतली नस हळूहळू मरते, आणि दुखत खुपत काही नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही. दर काही महिन्यांनी दाब मोजत राहायचा आणि थेंब कमीजास्त करायचे, एवढंच हातात असतं.

"काका, फोन नंबर?" ताईंनी विचारलं.

"फोन कशाला? मी काय पळून जाणार आहे?"

"अहो, याला लागतो. चौकट रिकामी ठेवली की हा पुढेच जात नाही."

"मग काहीतरी टाक बाई. तुझाच टाक."

ताईंनी क्षणभर विचार केला आणि खरोखरच स्वतःचा नंबर टाकला. निरोप आपल्या फोनवर येईल, घरी जाताना दुकानात डोकावून सांगू, असा सरळ हिशेब. आणि तसंच झालं. माझा निरोप गेला की ताई संध्याकाळी कोपऱ्यावर थांबायच्या. "काका, उद्या दाब." काका उजव्या डोळ्याला भिंग लावून, डावा अर्धवट मिटून कुठल्यातरी घड्याळाच्या पोटात बघत असायचे. मान न उचलता म्हणायचे, "आलोच."

मग ज्याच्याकडे फोन नाही त्याला ताईंचा नंबर, ही पद्धतच पडून गेली. एकटी राहणारी शिवणकामवाली, पहारेकरी, दोघी म्हाताऱ्या बहिणी, असे पन्नास-साठ लोक ताईंच्या नंबरावर जमले. त्यांतल्या बहुतेकांना जन्मतारीखही माहीत नव्हती. भाच्याने हौसेने वाढदिवसाच्या शुभेच्छांची सोय केली होती, त्यामुळे एक जानेवारीला ताईंचा फोन दिवसभर टुणटुणत राहायचा. ताईंच्या नवऱ्याने एकदा विचारलं म्हणे, "अगं, एवढ्या जणांना तुझा वाढदिवस कसा ठाऊक? मला तर तू कधी सांगितला नाहीस."

मला यात काही खटकलं नाही. मी ओळीने सगळ्यांना ठेवत होतो. नावं वेगळी, डोळे वेगळे, फोन एक. असेल बुवा.

भाचा शिकून नोकरीला लागला आणि मी फुगत गेलो. मॅडमनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणारं मशीन आणलं. लिहिलेल्या नोंदी म्हणजे माझ्यासाठी शेंगदाणे. हे फोटो म्हणजे कलिंगडं. प्रत्येक माणसाचे दोन डोळे, प्रत्येक खेपेला नवे फोटो, आणि जुने टाकायचे नाहीत, कारण नस किती मेली हे जुन्याशेजारी नवा ठेवल्याशिवाय कळत नाही. शिवाय एकच माणूस कधी आईने आणला म्हणून एका नावाने, कधी बायकोने आणला म्हणून दुसऱ्या नावाने माझ्यात शिरलेला. ताई नाव टाकायच्या, मी शोधत राहायचो, पडद्यावर चक्र फिरत राहायचं. लोक ताटकळायचे. ताईंची थाप जोरात बसू लागली.

"याला हलका करा," मॅडम म्हणाल्या, "पण काही पुसू नका."

हे ऐकून माझी मती गुंग झाली. हलकं व्हायचं, पण काही सोडायचं नाही? मला वाटलं, निदान माणसांना तरी हे कसं करायचं ते माहीत असेल.

त्या कामासाठी जे गृहस्थ आले त्यांचं नाव ताईंनी 'आवराआवर साहेब' ठेवलं. माणूस मेहनती. जेवणाचा डबा उघडायचं विसरून माझ्यासमोर बसायचा. एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी शोधून त्यांची एक करायची, असं त्याने ठरवलं. नावांवर त्याचा भरवसा नव्हता, आणि माझ्यातली नावं बघता तो बरोबरच होता. त्याने नियम लिहिला की फोन आणि जन्मतारीख दोन्ही सारखी असली की माणूस एकच. सगळ्यात भरलेली नोंद मुख्य धरायची, बाकीच्या तिच्यात मिसळायच्या. घरातल्या चौघांचा फोन एक असला तरी तारखा वेगळ्या असतात, म्हणून ते सुखरूप राहतील. त्याने हे कागदावर करून बघितलं, मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर."

आणि मला हुकूम मिळाला. मी पाळला.

ताईंची नोंद मुख्य ठरली. पत्ता, फोन, सगळं नीट भरलेली तीच तर एक होती. मग तिच्यात शिवणकामवाली आली, पहारेकरी आला, दोघी बहिणी आल्या, आणि घड्याळकाकाही आले. काम संपलं तेव्हा माझ्या दृष्टीने ताई नावाची एकच बाई उरली होती. तिला लांबचं दिसत नव्हतं आणि जवळचंही. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू कितीतरी वेळा काढलेला, तरी शिल्लक. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला, काचबिंदू असलेला आणि नसलेला. मी चक्रावून गेलो. पण नियमात कुठे बसत नाही असं काही नव्हतं. ओरडायला मला तोंड नाही. चूक दाखवायची तर चूक म्हणजे काय ते कोणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

मी भराभर चालू लागलो. सगळे खूश. ताई म्हणाल्या, "बघा, कसा तरतरीत झालाय!"

पुढच्या तारखा एकत्र करताना मी सर्वांत लांबची तेवढी ठेवली होती, कारण हुकूम तसा होता. म्हणून ताईंच्या फोनवर निरोप जाणं थांबलं. ताई धरून चालल्या की निरोप नाही म्हणजे कोणाची तारीख आलेली नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरून जाताना त्या काकांना हात करायच्या, काकाही हात करायचे. काकांना वाटत होतं, वेळ झाली की ताई सांगेलच. थेंब ते नेमाने घालत होते. ते थेंब पुरे पडत नाहीत, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

मधल्या काळात ताईंच्या नंबरावरचे दोघेतिघे आपणहून आले. मला सापडले नाहीत. गर्दी होती, "याचं डोकं फिरलंय" म्हणत ताईंनी त्यांना नव्याने लिहून घेतलं. ते चष्म्यासाठी आले होते, निभावलं.

मग एक दिवस काकू काकांचा दंड धरून आल्या. काकांच्या कपाळाला टेंगूळ होतं.

"डावीकडे ठेवलेला पेला यांना दिसत नाही," काकू म्हणाल्या. "तीनदा सांडला. मला वाटलं मुद्दाम करतात. आज दाराच्या चौकटीवर आपटले."

"अगं, अंधार होता."

"सकाळी अंधार?"

डाव्या बाजूचं किती दिवसांपासून दिसत नव्हतं, ते काकांना सांगता येईना. त्यांचं सगळं काम उजव्या डोळ्याचं. डावा तर ते वर्षानुवर्षं अर्धा मिटूनच ठेवत आले होते.

ताईंनी घाईने त्यांचं नाव टाकलं. मी शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. 'या नावाची नोंद नाही,' मी लिहिलं.

"असं कसं?" ताई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा टाकलं. आडनावाने टाकलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"मी उभा आहे ना तुझ्यासमोर?" काका म्हणाले.

तेवढ्यात ताईंना सुचलं आणि त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि खाली मोतीबिंदू, काचबिंदू, लोखंडाचा कण, एकाखाली एक. ताई वाचत गेल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि नुसत्याच बसून राहिल्या.

मॅडमनी दाब मोजला, तो फारच वाढला होता. तेवढ्यापुरतं औषध देऊन त्यांनी तो उतरवला. पण पुढे काय? "जुने फोटो हवेत," त्या म्हणाल्या. "नस हळूहळू जात असेल तर थेंब वाढवून भागेल. झपाट्याने जात असेल तर ऑपरेशन थांबवता येणार नाही. आणि त्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे गंमत नाही. गरज नसताना करायचं नाही." फोटो माझ्याकडे होते. पन्नास-साठ जणांच्या पडद्यांचे सगळे फोटो होते, आणि सगळ्यांवर नाव एकच, ताईंचं. मॅडम एकेक उघडत गेल्या. कुठला डोळा काकांचा, हे मी सांगू शकत नव्हतो. मला ते सांगता यायला हवं होतं. त्यासाठीच तर मी होतो.

आवराआवर साहेब धावत आले. घाम फुटला होता.

"एवढ्या लोकांना स्वतःचा नंबर कोण देतं हो ताई?"

"मग काय करायचं होतं? तुमच्या त्या चौकटीला रिकामं चालत नाही! खोटा टाकला असता तर निरोप कोणाला गेला असता?"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, चाचणीसाठी टाकलेली नावं असतील. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"मीही सांगायला हवं होतं," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "पण यात सांगण्यासारखं काही आहे, हेच कुठे ठाऊक होतं?"

साहेबांनी सुरुवातीला माझी एक प्रत काढून ठेवली होती. ती माझ्याच पोटात ठेवली होती, आणि आवराआवरीत तीही आवरली गेली. राहिल्या नक्कल ठेवायच्या दोन डब्या. रोज संध्याकाळी मी माझी नक्कल माझ्याजवळच्या डबीत उतरवतो. दर शनिवारी ती डबी मॅडमनी घरी न्यायची आणि घरची इकडे आणायची, म्हणजे आग लागली, पाणी शिरलं, तरी एक नक्कल वाचेल, असा नियम. माझ्याजवळच्या डबीत बघितलं तर तिच्यातही ताई आणि ताईंचे ते असंख्य डोळे.

"घरची डबी?" साहेबांनी विचारलं.

मॅडम ओशाळल्या. "ती... मी बरेच महिने बदललीच नाही. रोज ठरवते आणि राहून जातं. टॉवेलांमागे पडली असेल."

साहेबांचा चेहरा असा काही उजळला की मॅडमना वाटलं, हा चेष्टा करतोय. पण खरंच, मॅडमनी नियम पाळला असता तर दोन्ही डब्यांत हाच घोळ असता. त्या विसरल्या म्हणून काका वाचले. यातून काय शिकायचं, ते मला विचारू नका. आधीच माझं डोकं ठिकाणावर नाही.

काकांना बसवून ठेवून मॅडम स्वतः घरी गेल्या आणि टॉवेलांमागून डबी घेऊन आल्या. साहेबांनी माझ्या शेजारी एक नवी पेटी मांडली आणि ती तिच्यात उघडली. ताईंनी काकांचं नाव टाकलं. काका तिथे होते. आपल्या नावाने, आपल्या दोन डोळ्यांनिशी.

मॅडमनी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "डावा झपाट्याने गेलाय, काका. ऑपरेशन करावं लागेल. उजवा ठीक आहे."

"घड्याळ बंद पडलं तर मी चालू करून देतो," काका म्हणाले. "हे मिटलेलं परत चालू नाही होणार?"

"नाही. गेलंय ते गेलं. उरलंय ते सांभाळू."

काकांनी मान हलवली. काकूंनी त्यांच्या डावीकडची खुर्ची सोडली आणि त्या उजवीकडे येऊन बसल्या. ताई पेटीजवळ आल्या. मला वाटलं, आता थाप बसणार, आणि ती मला हवीच होती. त्यांनी नुसता हात ठेवला.

काकांचं ऑपरेशन परवा झालं. उरलेलं उरलं, असं मॅडम म्हणाल्या.

आता शेजारच्या पेटीतला तो, म्हणजे काही महिन्यांपूर्वीचा मी, माझ्या जागी बसणार आहे. गेल्या महिन्यांत आलेल्या लोकांच्या नोंदी मी त्याला दिल्या. ताईंची ती अगडबंब नोंद सोडून. बाकी त्याला काही माहीत नाही. ना काकांचं टेंगूळ, ना ताईंचं खुर्चीत बसून राहणं. तो मीच आहे, असं साहेब म्हणतात. मग पुसला जाणार तो कोण?

आज सकाळी साहेबांनी जन्मतारखेतली ती आयती एक जानेवारी काढून टाकली आणि फोनखाली एक नवी चौकट आखली, 'हा फोन कोणाचा?' कोणाचाच नसेल तर वरची चौकट रिकामी ठेवता येईल, अशी मुभा दिली. त्याच्यात घालण्याआधी माझ्यावर करून बघावं, म्हणून ताईंना बोलावलं. मी जाणारच होतो, बिघडलो तरी कोणाचं काय जाणार?

ताईंनी घड्याळकाकांचं नाव टाकलं. फोनपाशी बोटं थांबली, सवयीने स्वतःचा नंबर टाइप करायला लागली आणि मागे फिरली. त्यांनी तिथे काही लिहिलं नाही. खालच्या चौकटीत लिहिलं, 'फोन नाही. ताई दुकानात जाऊन सांगतील.' आणि पुढे जा म्हणून बटण दाबलं.

मी पुढे गेलो. रिकामी चौकट घेऊन पुढे गेलो. आयुष्यभर मला कोणी रिकामं राहू दिलं नव्हतं, म्हणून नसलेलंही मी असल्यासारखं धरून बसलो आणि असलेला माणूस हरवून बसलो. तुम्ही कुठे काही भरायला बसलात आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर ती ठाऊक नाही असंच राहू द्या. आमच्यासारख्यांना ते पेलतं.

साहेब आले. छत्री उचलून बाजूला ठेवली. शेजारच्या पेटीपाशी ताईंनी खात्री करण्यासाठी नाव टाकलंय, आणि इथून मला पडदा दिसतोय. चक्र फिरतंय. तो शोधतोय. सापडले काका.

ओळखलं त्यांना. मी की त्याने, कोण जाणे. ओळखलं, एवढंच.